विश्वकिरणांच्या नोंदी, यंत्रदोष आणि एक वादळ

बी. हरिहरन व त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाची ख्याती १.३ अब्ज व्होल्ट या आकड्यावर उभी आहे. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवरून गेलेल्या गडगडाटी मेघात एवढे विभवांतर होते, असा त्यांचा निष्कर्ष. प्रस्तुत लेखकास मात्र त्याआधीची पायरी अधिक विचारणीय वाटते. त्या अठरा मिनिटांच्या नोंदी सदोष म्हणून टाकून का दिल्या नाहीत?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-३ या उटी येथील प्रयोगात वायूने भरलेल्या ३७१२ गणित्र-नळ्या १६ कक्षांत मांडल्या आहेत. त्या मिनिटाला सुमारे २५ लक्ष म्यूऑन मोजतात. एवढ्या संख्येत केवळ यदृच्छेने होणारा चढउतार ०.०६ टक्क्याच्या आसपास असल्यामुळे यंत्राचा किरकोळ बिघाडही आलेखावर उठून दिसतो. आणि विद्युत्पुरवठा डळमळण्याचा संभव वादळातच सर्वाधिक. तेव्हा संशयास सबळ कारण होते. सरासरीपासून दूर गेलेली नोंद गाळावी, हा सुटसुटीत नियम येथे लावला असता तर मेघच नोंदींतून नाहीसा झाला असता. धान पाखडताना वारा वाढला की कोंड्याबरोबर दाणाही उडतो, हे गोंदियाकडे कोणास सांगावयास नको.

नोंद गाळावयाची ती यंत्राविषयीच्या स्वतंत्र पुराव्यावरून. नळी बिघडली तर तिचा परिणाम तिच्या कक्षापुरता राहतो; मेघामुळे आलेली घट सर्व कक्षांत एकाच वेळी दिसली पाहिजे. प्रयोगात १६९ दिशा पृथक् मोजल्या जातात. त्यांपैकी लगतच्या दिशांत ती सलग असली पाहिजे, आणि भूपृष्ठावरील विद्युत्क्षेत्रमापकांच्या नोंदींशी तिची वेळ जुळली पाहिजे. राहिला वायुदाब. दाब एक हेक्टोपास्कलने वाढला असता या म्यूऑनांत सुमारे ०.१३ टक्के घट होते. त्या दिवशीची घट दोन टक्क्यांची. तिला पंधरा हेक्टोपास्कलची वाढ लागेल, आणि ती अठरा मिनिटांत येऊन ओसरणे संभवत नाही. उलट विद्युत्क्षेत्राचे स्पष्टीकरण सरळ आहे. धन म्यूऑन ऋण म्यूऑनांहून संख्येने अधिक असतात. क्षेत्राने धनांची ऊर्जा घटविली तर ऋणांत होणारी वाढ ती तूट भरून काढू शकत नाही.

येथवर निबंध भक्कम आहे. तथापि १.३ अब्ज व्होल्ट हे कोणी मापकावर वाचलेले नाहीत. ठराविक जाडीच्या थरात एकसारखे क्षेत्र आहे असे गृहीत धरून, संगणकीय अनुकरणातून तो आकडा निघाला आहे. गृहीतक बदलले की तोही हलेल. शिवाय एप्रिल २०११ ते डिसेंबर २०१४ या काळात नोंदलेल्या १८४ वादळांतून हेच वादळ सविस्तर विवेचनास घेतले, ते त्याचा आलेख साधा होता म्हणून. निवड समजण्याजोगी आहे, परंतु पद्धतीची कसोटी गुंतागुंतीच्या आलेखांवरच लागावयाची. त्या वादळांचे विवेचन प्रसिद्ध होताना गाळलेल्या प्रत्येक मिनिटासमोर गाळण्याचे कारणही छापले जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.