समान प्रामाण्याचे कल्पित : युरोपीय समुदायाच्या पहिल्या विनियमाचे परीक्षण

युरोपच्या एकीकरणाची चर्चा बहुधा कोळसा-पोलाद, जकात आणि चलन यांच्या अंगाने होते. हे एकीकरण कोणत्या भाषेत घडले, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडतो. वस्तुतः युरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेने १५ एप्रिल १९५८ रोजी जो पहिला विनियम संमत केला, तो भाषांसंबंधीचाच होता. त्यात अवघी आठ कलमे आहेत. या संहितेने नागरिकाला काय दिले आणि काय संस्थांच्या हाती राखून ठेवले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९५१ च्या पॅरिस कराराची केवळ फ्रेंच संहिता प्रमाण होती. १९५७ च्या रोम कराराने हा पायंडा मोडला आणि जर्मन, फ्रेंच, इटालियन व डच या चारही संहिता सारख्याच प्रमाण मानल्या. विनियमाने तेच तत्त्व दैनंदिन कारभारास लावले. त्याच्या चौथ्या कलमात सर्वांना लागू होणारे कायदे अधिकृत भाषांत ‘रचावेत’ असे म्हटले आहे. हे क्रियापद ध्यानात घ्यावयास हवे. ‘भाषांतर करावे’ असे म्हटले असते, तर मूळ आणि प्रतिकृती हा भेद आला असता व त्यामागोमाग प्रामाण्याची उतरंडही आली असती. व्यवहारात मसुदा एका भाषेत तयार होतो व मग इतर भाषांत उतरविला जातो. तेव्हा सर्व संहिता मूळच होत, हे विधान म्हणजे एक कायदेशीर कल्पित होय.

या कल्पितावर भाषाशास्त्राचा आक्षेप उघड आहे. कोणत्याही दोन भाषा अर्थाची वाटणी सारखी करीत नाहीत. मग अनेक संहितांतून एकच कायदा कसा सिद्ध व्हावा? १९६९ च्या श्टाउडर विरुद्ध उल्म शहर या खटल्यात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांना स्वस्त दराने लोणी देण्याविषयी आयोगाने एक निर्णय काढला होता. लाभार्थ्याने दुकानात दाखवावयाच्या पत्रिकेवर त्याचे नाव हवे, असा जर्मन व डच संहितांचा अर्थ होत होता. फ्रेंच व इटालियन संहिता केवळ व्यक्तिगत ओळख पटेल अशा पत्रिकेवर समाधान मानीत होत्या. आपले दारिद्र्य दुकानदारापुढे नावानिशी उघड व्हावे काय, असा प्रश्न एका नागरिकाने केला. कोणतीही एक संहिता सुटी वाचता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि हेतू साधत असेल तर सर्वांत कमी जाचक अर्थ स्वीकारावा, असा निवाडा दिला.

निवाडा न्याय्य होता यात शंका नाही. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. प्रत्येक संहिता प्रमाण असल्यामुळेच एकही संहिता स्वतःपुरती पुरेशी उरत नाही. जर्मन वाचकाने जर्मन पाठावर विसंबून राहू नये, असाच याचा अर्थ. १९८२ च्या सिल्फिट निवाड्याने भिन्न भाषांतील संहितांची तुलना करण्याचे ओझे राष्ट्रीय न्यायालयांवरही टाकले. चार भाषांत भाषांतराच्या दिशा बारा होत्या. २०१३ मध्ये क्रोएशियन आल्यावर भाषा २४ झाल्या आणि दिशा ५५२. इतक्या संहिता ताडून पाहणारा न्यायाधीश कोठून आणावा?

म्हणून हे कल्पित टाकून द्यावे काय? मुळीच नव्हे. २००७ च्या स्कोमा-लुक्स खटल्यात त्याचे मोल दिसले. चेक प्रजासत्ताक २००४ मध्ये संघात आले, तेव्हा सीमाशुल्काचा एक विनियम चेक भाषेत राजपत्रात प्रसिद्ध झालेला नव्हता. त्याच्या आधारे मद्य आयात करणाऱ्या एका कंपनीला दंड झाला. मजकूर अन्य मार्गाने कळू शकत असला, तरी स्वभाषेत प्रसिद्ध न झालेला विनियम त्या देशातील व्यक्तीवर लादता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. कायद्याने बांधला जाणाऱ्याला तो वाचता आला पाहिजे, या साध्या तत्त्वाचे रक्षण त्या कल्पितानेच केले.

खरी उणीव सहाव्या कलमात आहे. कोणत्या प्रसंगी कोणती भाषा वापरावी, हे आपापल्या नियमांनी ठरविण्याची मुभा ते संस्थांना देते. पहिल्या कलमाने सर्व अधिकृत भाषांना कामकाजाच्याही भाषा म्हटले. सहाव्याने ती समता कार्यालयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याची सोय केली. आयोगाचे अंतर्गत काम मुख्यतः इंग्रजी, फ्रेंच व जर्मन या भाषांत चालते. ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडल्यावरही बहुतेक मसुदे इंग्रजीतच लिहिले जातात. २००३ च्या किक निवाड्यात तर व्यापारचिन्हांच्या कार्यालयाची पाच भाषांची व्यवस्था ग्राह्य ठरली, आणि आपल्या हिताशी संबंधित प्रत्येक लेख स्वभाषेत मिळण्याचा सर्वसाधारण हक्क नाही, असे सांगितले गेले.

सारांश, या विनियमाने कायद्याच्या वाचकाला समता दिली, कायदा घडविणाऱ्याला नव्हे. फिनिश वा ग्रीक भाषेत कायदा पोहोचतो. परंतु त्या भाषांत तो क्वचितच जन्म घेतो. प्रत्येक भाषेची शब्दकळा आणि वर्गवारी तिच्या समाजाचा विचार वाहून आणते. मसुद्याच्या वेळी ती हजर नसेल, तर नंतरच्या भाषांतराने ती उणीव भरून निघत नाही. समान प्रामाण्याचे कल्पित जपण्याजोगे आहे. मात्र ते खरे करावयाचे, तर चौथ्या कलमातील ‘रचावेत’ हे क्रियापद संस्थांनी अक्षरशः वाचावयास हवे.