पाचवे बोट

1977 च्या ग्रामीण आरोग्य योजनेबरोबर दाई-प्रशिक्षण देशभर पोचले, तसे ते आपल्या वर्धा जिल्ह्याच्या खेड्यांतही आले. त्याचा आराखडा आपण जरा सावकाश न्याहाळूया. तीस दिवसांचे शिक्षण, तीनशे रुपये विद्यावेतन, इथवर सारे सरकारी आहे. पण आठवड्यातले दोनच दिवस आरोग्य केंद्रात आणि उरलेले चार दिवस नर्सबाईंबरोबर गावांत, शक्यतो दाईच्या स्वतःच्याच गावात! जिथे उंबऱ्याउंबऱ्यावर तिच्या शब्दाला मान, तिथेच तिने पुन्हा शिकणारी व्हायचे. शिवाय या काळात देखरेखीखाली किमान दोन बाळंतपणे तिने स्वतः करायची. परीक्षेची तारीख शासनाच्या हाती नाही, पोटातल्या बाळाच्या हाती आहे. मला हा नियम फार देखणा वाटतो.

याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या भूमीशी या विद्येचे नाते जुने आहे. 1944 साली कस्तुरबा गेल्या आणि त्यांच्या नावाने तिथे स्त्रियांसाठी व मुलांसाठी रुग्णालय उभे राहिले. पुढे 1969 मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी त्याच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालय आणले. ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला मिळाले, त्या कस्तुरबांचे शेवटचे बाळंतपण 1900 साली दक्षिण आफ्रिकेत झाले. धाकट्या मुलाच्या, देवदासच्या, त्या जन्मवेळी वेळेवर सुईण मिळाली नाही, म्हणून ते खुद्द गांधीजींनी पार पाडले. डॉ. त्रिभुवनदास यांचे ‘मा ने शिखामण’ हे गुजराती पुस्तक त्यांनी आधीच मन लावून वाचले होते. ही अक्षरांतून हातांत उतरलेली विद्या. दाईची वाट नेमकी उलटी. सासूच्या मागे कंदील धरून उभी राहिलेली सून कळांची लय कानांनी ओळखू लागते, पोटावर तळवा ठेवून बाळाचे डोके कुठे आहे ते सांगू लागते, आणि एके रात्री सासूच तिला पुढे बसवते. दूर नायजेरियातल्या योरुबा समाजातही होणारी सुईण अशीच जाणत्या सुईणीच्या हाताखाली घडते. झाडपाला ओळखते, मंत्र मुखोद्गत करते. तिथेही पाठशाळा म्हणजे माणूसच.

अशा मुरलेल्या हाताला नव्याने शिकवायचे ते काय? पाच स्वच्छता, एका पंजाच्या बोटांवर मावतील इतक्याच. साबणाने धुतलेले हात, स्वच्छ जागा, नवे कोरे पाते, स्वच्छ दोरा. जुन्या विळ्याची जागा पात्याने घेतली, एवढ्या एका बदलात किती बाळांचे श्वास वाचले असतील! पण आपण थांबावे ते पाचव्या बोटाशी. कापलेल्या नाळेला काहीही लावायचे नाही. राख नाही, हळद नाही, तेल नाही, शेण तर नाहीच. पहिले चार नियम काही करायला सांगतात; हा पाचवा न करायला सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या मायेने काहीतरी लावत आलेल्या हाताला ‘आता नुसते राहू दे, वाळेल आपोआप’ असे पटवणे, हीच या शिक्षणातली सर्वांत नाजूक जागा. जखमेतून शिरणारा धनुर्वात तिथेच अडत होता. आईला दिलेली लस आणि हा संयम, दोन्ही कामी आले; 2015 साली भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

आणि हा संयम दाईला परका तरी कुठे होता? अनेक ठिकाणच्या दाया वार पडेपर्यंत नाळेला पाते लावत नसत. बाळ आईच्या मांडीशी, नाळ अजून थडथड उडते आहे, घरातल्या बाया घाई करताहेत, आणि ही मात्र दोन बोटांनी नाळ धरून निवांत बसलेली. रुग्णालयांत मात्र बाळ आले की लगेच नाळ चिमट्यात धरण्याची रीत पडली होती. मग 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, निदान एक मिनिट तरी थांबा, बाळाला वारेतले रक्त मिळू द्या. पाचव्या बोटाने तिला हात आवरायला शिकवले खरे, पण नाळेपाशी हात आवरून बसणे तिला आधीपासूनच येत होते.