झाडं जाहिरातीत, गाडी सिनेमात

आमच्या सोसायटीसमोरच्या मोकळ्या जागेला पत्रे लागले आणि त्याच आठवड्यात नव्या टॉवरचं माहितीपत्रक दारात येऊन पडलं. जाड, गुळगुळीत कागद. पहिल्याच पानावर बाल्कनी, बाल्कनीत वेताची खुर्ची, खुर्चीत चहाचा कप धरून बसलेली बाई आणि तिच्या पलीकडे नुसती झाडी. खाली ठळक अक्षरांत 'निसर्गाच्या कुशीत'. आईने चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही बाई कामाला जात नाही वाटतं."

मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. चित्रातला उजेड सकाळी दहा-साडेदहाचा आहे. त्या घराचा हप्ता ज्याला परवडेल, तो माणूस त्या वेळी तिथे असू शकत नाही. मी बदलापूरला राहते आणि दादरला नोकरी करते. साडेसहाला घर सोडते, रात्री आठ-साडेआठला परत येते. झाडं मला दिसतात ती अंधारात किंवा रविवारी. जाहिरातीतली बाई रविवारची आहे असं धरलं, तरी रविवारी सकाळी साडेदहाला वेताच्या खुर्चीत बसायला मिळालेली बाई मी अजून पाहिलेली नाही. आठवड्याचे कपडे त्याच दिवशी धुवायचे असतात.

मोठ्या शहराजवळच्या हिरव्या गावात राहणाऱ्यांबद्दल आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे मजकूर तयार होतात. एक बिल्डरचा, दुसरा सिनेमा-साहित्याचा. पहिल्यात झाडं असतात, गाडी नसते. 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' एवढाच तिचा उल्लेख, आणि त्या पाच मिनिटांनंतरच्या दीड तासाबद्दल अक्षर नाही. दुसऱ्यात गाडी असते, झाडं नसतात. दोघांनी आमचं जगणं मधोमध चिरून वाटून घेतलंय, असं मला वाटतं. प्रत्यक्षात हे दोन्ही मिळून एकच व्यवहार आहे: गाडीतले तास द्यायचे, झाडं घ्यायची. त्या व्यवहाराबद्दल दोघंही गप्प आहेत.

'डोंबिवली फास्ट' घ्या. निशिकांत कामतचा २००५चा सिनेमा, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. संदीप कुलकर्णीने उभा केलेला माधव आपटे आमच्या मार्गावर आजही रोज भेटतो. सुरुवातीचे ते दिवसामागून दिवस, तेच उठणं, तोच डबा, तीच गाडी, हे इतकं नेमकं आहे की पहिल्यांदा पाहताना माझा श्वास अडकला होता. या सिनेमाला मी कधीही कमी लेखणार नाही.

पण परवा तो पुन्हा पाहिला आणि एक गोष्ट खटकली. नावात डोंबिवली आहे, सिनेमा मात्र मुंबईचा आहे. आपटे बॅट घेऊन निघतो आणि त्याचा राग घडतो तो बहुतेक शहरात. डोंबिवली ही त्याची उतरण्याची आणि झोपण्याची जागा. कॅमेरा सतत त्याच्या पाठीमागे, त्यामुळे तो जितकं गाव बघतो तितकंच आपण बघतो, आणि तो जवळजवळ काहीच बघत नाही. सोबत सिनेमा बघणारी आई शेवटी म्हणाली, "चांगला आहे. पण त्याची बायको दिवसभर काय करते ते कुठे दाखवलंय?"

तिला ते विचारायचा हक्क आहे. बाबांनी १९९८ साली लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली सोडून इथे घर घेतलं. कारण विचारलं की एकच उत्तर: "झाडं होती." समोर जांभळाची झाडं, मागे डोंगर, खाली थोड्या अंतरावर उल्हास नदी. बाबांनी पुढची अठरा वर्षं फोर्टातल्या ऑफिसात जाऊन-येऊन काढली. झाडं त्यांनी घेतली, पण वापरली आईने. वापरली म्हणजे काय, तर त्यांच्याखाली पाण्याच्या टँकरची वाट पाहिली, शाळेच्या रिक्षाची वाट पाहिली, कुणाच्या सासूचं आजारपण ऐकलं, पावसात फांदी तारेवर पडली तेव्हा वीज कंपनीला फोन लावले. गावाचा दिवस तिने चालवला. त्यावर सिनेमा नाही, कादंबरीही माझ्या वाचनात नाही.

असं का झालं असावं? चाळीचं उदाहरण समोर ठेवून बघा. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ची. चाळ लिहिली गेली कारण तिला गॅलरी होती. दार उघडं, नळ सार्वजनिक, भांडण सगळ्यांसमोर. लिहिणारा माणूस संध्याकाळी सहा-साडेसहाला घरी पोचायचा आणि गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे घडायची. आमच्याकडे गोष्ट घडते सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, आणि लिहिणारा त्या वेळी कुर्ला आणि ठाण्याच्या मध्ये लटकलेला असतो. लेखक नव्हते असं नाही. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे दोघंही डोंबिवलीकर, २०१७चं साहित्य संमेलनही तिथेच भरलं. पण लालबाग म्हटलं की वाचकाच्या मनात चटकन एक जग उभं राहतं, तसं डोंबिवली किंवा बदलापूर म्हटल्यावर राहत नाही. राहतो तो फलाट.

इथे कुणी 'झोंबिवली'ची आठवण करून देईल. आदित्य सरपोतदारचा २०२२चा हा सिनेमा मित्रमैत्रिणींनी धमाल म्हणून पाहिला, मीही पाहिला. पळापळ आणि विनोद यांत तो बरेचदा स्वतःचाच धागा सोडतो. तरी एका बाबतीत तो 'डोंबिवली फास्ट'च्या पुढे आहे: त्याला गाव दिसतं. नवं चकचकीत गृहसंकुल, शेजारची वस्ती आणि दोघांच्या मध्ये पाणी. संकुलाला पाणी मिळतं ते कुणाच्या तरी वाट्यातून, हे तो झोंबींच्या गडबडीत का होईना, पण सांगतो. आमच्या सोसायटीतल्या लॉनला मे महिन्यात टँकरचं पाणी घालतात. पत्र्यांपलीकडच्या मजुरांच्या बायका त्याच वेळी हंडे घेऊन आमच्या वॉचमनला विनवत असतात. हिरवळीला पाणी लागतं हे साधं वाक्य मराठी सिनेमात यायला झोंबी यावे लागले, याचं मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

आता पुन्हा माहितीपत्रकाकडे. त्यात 'गार्डन' हा शब्द मी मोजला, अकरा वेळा आहे. हा शब्द मूळचा एका मोठ्या कल्पनेतला. १८९८ साली एबेनेझर हॉवर्ड या लंडनच्या लघुलेखकाने एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने बागशहराची योजना मांडली: ६,००० एकर जमीन, त्यातल्या १,००० एकरांवर शहर, बाकीची शेती, सगळी मिळून साधारण ३२,००० माणसं. घरं, कारखाने आणि शेतं एकमेकांच्या चालत्या अंतरावर. जमीन सगळ्यांच्या मालकीची, म्हणजे तिची किंमत वाढली तर फायदा गावाचा. १९०३मध्ये लेचवर्थला या कल्पनेतलं पहिलं शहर सुरू झालं. हॉवर्डला माणसाने कामासाठी रोज लंडनला जावं असं वाटत नव्हतं, तेच तर त्याला थांबवायचं होतं. आमच्या बिल्डरांनी त्याच्या योजनेतून बाग तेवढी उचलली, काम लांबच ठेवलं आणि जमिनीचा फायदा स्वतःकडे.

योगायोग असा की त्याच १८९८ साली, प्लेगनंतर, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पुढे दादर-माटुंग्याचे रुंद, झाडांचे रस्ते आखले. म्हणजे मी रोज जिथे नोकरीला उतरते, ते दादर एके काळी मुंबईबाहेरचं झाडांचं उपनगर होतं. मग मुलुंड, मग डोंबिवली, मग आम्ही, आता वांगणी आणि नेरळ. झाडांचं गाव दर पिढीला काही स्टेशनं पुढे सरकतं. जिथे पोचतं तिथे आपल्यामुळेच झाडं कमी होतात, की पुढची पिढी अजून लांबचा पास काढते. घोडे बदलायची जागा म्हणून बदलापूर, असं इथे सांगतात. खरंखोटं माहीत नाही, पण मुक्कामाचं गाव नव्हे, बदलायचं गाव, हे नावाला शोभतं.

नदीचंही तसंच. माहितीपत्रकात 'रिव्हर व्ह्यू' आहे. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. तोही रिव्हर व्ह्यूच होता. जाहिरातीतली नदी मात्र निळी आणि शहाणी असते, पात्र सोडत नाही.

मला माझं गाव खऱ्या अर्थाने दिसलं ते मार्च २०२०मध्ये, लोकल बंद झाल्यावर. सामान्य प्रवाशांना ती पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मिळाली नाही. तो काळ भीतीचा होता, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण मंगळवारी दुपारी दोन वाजता बदलापूर कसं असतं, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. जूनमध्ये आदिवासी बायका टोपल्यांतून जांभळं घेऊन आल्या. ह्याच जांभळांना पुढे भौगोलिक मानांकन मिळालं. आई त्यातल्या प्रत्येकीला नावाने ओळखत होती. मी मात्र अठरा वर्षांहून जास्त काळ इथे राहून एकीलाही ओळखत नव्हते. निवृत्त झालेले बाबाही आईच्या मागून, पाहुण्यासारखे, भाव विचारत होते.

म्हणून माझी सिनेमावर आणि साहित्यावर तक्रार अशी आहे. लोकल हा आपल्या लेखनाचा लाडका विषय झालाय, कारण ती पटकन नाट्य देते: गर्दी, घाम, मृत्यू, चौथी सीट. महिला डब्यात निवडलेली मेथी आणि दसऱ्याची तोरणं तर आता फोटोसाठीच असतात की काय, असं वाटतं. पण गाडीबद्दल लिहून उपनगराबद्दल लिहिल्यासारखं होत नाही. आणि आपण गाव लिहिलं नाही, तर ते लिहायचं काम जाहिरात करते. तिने ते केलंच आहे. माझ्या वयाची मुलं घर शोधताना ज्या भाषेत स्वप्न बघतात ती भाषा कुठल्या कादंबरीची नाही, माहितीपत्रकाची आहे.

हे मी तावातावाने लिहितेय त्याला एक घरगुती कारण आहे. माहितीपत्रकातली ती झाडी बनावट नाही, ती आमचीच आहे. आमच्या बाल्कनीतून दिसणारा तो उतार, मागचा डोंगर. टॉवर झाला की आम्हाला भिंत दिसेल. बाबांनी सुचवलं, "तूच घे ना तिथे एक. म्हणजे निदान झाडं घरात राहतील." हप्ता काढून पाहिला: वीस वर्षं. म्हणजे आज दिसतंय तेच बघण्यासाठी मी वीस वर्षं साडेसहाला घर सोडायचं आणि बघायचं कुणी, तर आईने. बाबांनी १९९८मध्ये अगदी हाच व्यवहार केला होता. फरक एवढाच की त्यांना तो व्यवहार आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, ना सिनेमाने, ना पुस्तकाने. मी अजून हो म्हटलेलं नाही. बाबांना वाईट वाटलंय.

गेल्या बुधवारी मी रजा टाकली. आजारी नव्हते, काम नव्हतं. साडेदहाला चहा घेऊन बाल्कनीत बसले, आमच्याकडे वेताची खुर्ची नाही, प्लॅस्टिकची आहे. उजेड अगदी चित्रातल्यासारखाच होता. खाली वॉचमन कुणाच्या तरी पार्सलची सही घेत होता. पत्र्यांपलीकडे जेसीबी सुरू होता आणि त्याच्या आवाजावर आवाज चढवून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आईला कालच्या लग्नातलं सांगत होत्या. जांभळाच्या झाडावर कुणीतरी पांढऱ्या रंगाने आकडा टाकला होता, ४७. मी आईला विचारलं, हा कधी टाकला? "गेल्या गुरुवारी," ती म्हणाली, "तू गाडीत असशील." मग तिने माझ्या हातातला कप घेतला. "ऊठ, पाणी येईल आता. बादल्या लावायच्यात."