करपलेले शेत आणि आपली कथा

आपल्या ग्रामीण कथेत दुष्काळ पुष्कळ आहे. तहानलेले पीक मात्र नाही, अशी माझी तक्रार आहे. शेताच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते : पिके करपून गेली. एवढे लिहिले की लेखक बांधावरून उतरतो आणि थेट सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसतो. पीक म्हणजे जणू भिंतीवरचे चित्र. ऊन लागले, रंग उडाला!

वस्तुस्थिती फार निराळी आहे. मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारीच घ्या. आपण फराळाला बसतो त्या सुमारास ती काळ्या रानात नुकती वर आलेली असते, आणि पुढचे दिवस तिला बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच काढायचे असतात. ही ओल खाली गेली की मुळेही तिच्यामागे खोल उतरतात. कोरड पडलेल्या मुळांत आणि पानांत ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते. त्याचा सांगावा पोचला की पानांवरची सूक्ष्म रंध्रे मिटू लागतात. पाणी वाचते खरे. पण ज्या दाराने पाणी बाहेर जाते त्याच दाराने कर्बवायू आत यायचा असतो, आणि त्याच्यावाचून अन्न तयार होत नाही. दार लावावे तर उपासमार, उघडे ठेवावे तर तहान. नाटककाराला हेवा वाटावा असा हा पेच भर दुपारी रानात चाललेला असतो, आणि आमचा कथाकार म्हणतो, पिके माना टाकून उभी होती.

पानांचेच पाहा ना. दुपारी ज्वारीचे पान सुरळीसारखे गुंडाळते. उन्हापुढे येणारे अंग तेवढेच कमी. हे मरण नव्हे, आवरून घेणे आहे. ऊन उतरल्यावर ते पुन्हा उलगडते. पहाटेही उलगडले नाही, तर मात्र शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आमच्या कथा दुपारीच शेतावर जातात. पहाटे कोणी फिरकत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला (१९५५) हा दोष मी देणार नाही. ती धनगरांची, मेंढरांची वाडी. दुष्काळात ती ओस पडते, आणि त्या कहाणीला पिकाच्या अंतरंगात शिरण्याची गरजच नव्हती. पण पुढे ज्यांनी शेतकऱ्याचीच कथा सांगायला घेतली, त्यांना ही सवलत कशी द्यावी?

सर्वांत हृदयद्रावक प्रसंग तर अजून लिहायचाच राहिला आहे. कणसात दाणा भरत असताना ओल संपली की पानांचे अन्न पुरत नाही. मग ताटात साठवलेली साखर कणसाकडे जाऊ लागते. लेकरासाठी घरातली भांडी मोडावीत, तसेच हे. दाणा थोडाफार भरतो, ताट दुबळे होते. जमिनीतली बुरशी त्यात शिरते, गाभा खाऊन नुसते धागे ठेवते, आणि उभी ज्वारी आडवी होते. या रोगाला शेतकरी ‘खडखड्या’ म्हणतात. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेली मालदांडी ३५-१ कोरडवाहू रानात आजही पेरतात, ती अशा ताणात तग धरते म्हणून.

‘खडखड्या’ हा शब्द मला आजवर एकाही कथेत भेटलेला नाही. हुरडा मात्र पानोपानी भेटतो.