‘सिटी सेंटर’ नावाचे उपनगर : नाशिकच्या मॉलचे एक समीक्षात्मक वाचन

एखाद्या वास्तूची समीक्षा करावयाची तर आरंभ तिच्या नावापासून करणे सोयीचे ठरते. नाव ही वास्तूने स्वतःविषयी केलेली पहिली आणि बहुधा सर्वांत धीट घोषणा असते. नाशिक शहरात उंटवाडी रस्त्यावर, लवाटे नगरच्या परिसरात, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस जो मोठा मॉल उभा राहिला त्याचे नाव ‘सिटी सेंटर’ असे आहे. शहराचा नकाशा समोर ठेवल्यास हे नाव भूगोलाशी जुळत नाही. नाशिकचे केंद्र पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीच्या काठाशी राहिले आहे. रविवार कारंजा, मेन रोड, सराफ बाजार, भांडी बाजार, शालिमार, भद्रकाली ही त्या केंद्राची नावे. उंटवाडी हे मुळात नासर्डीकाठचे गाव. म्हणजे शहराच्या परिघावर एक इमारत उभी राहते आणि स्वतःला शहराचे केंद्र म्हणवून घेते. या दाव्याचा अर्थ काय व तो कोणाच्या बळावर करता आला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मॉलविषयी आपल्याकडे झालेले बहुतांश लेखन वाणिज्याच्या अंगाने झालेले आहे. किरकोळ व्यापारावरील परिणाम, ग्राहकांची पसंती, प्रश्नावली, टक्केवारी हे त्याचे ठरलेले टप्पे. त्याची उपयुक्तता मान्य करूनही असे वाटते की, मॉल हा एक सांस्कृतिक पाठ म्हणून वाचण्याचे काम मराठीत पुरेसे झालेले नाही.

परिघावर केंद्र उभारण्याची कल्पना नाशिकची नव्हे, मुंबईचीही नव्हे. व्हिएन्नात 1903 साली जन्मलेला आणि 1938 मध्ये नाझींच्या आगमनानंतर अमेरिकेत आश्रयाला गेलेला वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन हा तिचा जनक मानला जातो. मिनेसोटा राज्यातील इडायना येथे 1956 साली त्याने उभारलेले ‘साउथडेल सेंटर’ हा पूर्णतः बंदिस्त, वातानुकूलित असा पहिला उपनगरी मॉल. अमेरिकन उपनगरांत घरे आहेत, मोटारी आहेत, पण माणसांनी एकमेकांना भेटावे असा चौक नाही, ही ग्रुएनची तक्रार होती. व्हिएन्नाच्या चौकांची आठवण मनात ठेवून त्याने छताखाली एक चौक रचला आणि त्याभोवती दुकाने मांडली. मूळ आराखड्यात या केंद्राभोवती घरे, शाळा, दवाखाना यांचीही योजना होती. पुढे राहिली ती दुकाने आणि मोटारी उभ्या करण्याची जागा. ग्रुएन 1968 मध्ये व्हिएन्नाला परतला. त्या शहराच्या दक्षिणेस 1976 साली तसाच एक प्रचंड मॉल उघडला. 1978 साली लंडनमध्ये केलेल्या भाषणात त्याने या साऱ्या अपत्यांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. मॉलमध्ये शिरलेला ग्राहक मूळ खरेदीचा हेतू विसरून भटकू लागतो, या अवस्थेला मात्र त्याचेच नाव चिकटले आहे. निर्मात्याने टाकून दिलेल्या गोष्टीला निर्मात्याचेच नाव लाभावे, असा हा प्रकार आहे.

भारतात हा प्रकार 1999 च्या सुमारास स्थिरावला. दिल्लीतील ‘अन्सल प्लाझा’ आणि मुंबईत हाजीअलीजवळचे ‘क्रॉसरोड्स’ ही त्या वर्षाची दोन ठळक नावे. मुंबईतील मॉलचा इतिहास गिरण्या व कारखान्यांच्या जमिनींपासून वेगळा काढता येत नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे रूपांतर सर्वांच्या डोळ्यांसमोर झाले. नाशिकला तशी गिरण्यांची परंपरा नाही, त्यामुळे तेथील मॉल हा एखाद्या श्रमसंस्कृतीच्या थडग्यावर उभा आहे असे म्हणता येत नाही. मुंबईच्या अभ्यासातील हे रूपक नाशिकला जसेच्या तसे लावणारे लेख अधूनमधून वाचनात येतात, ते या कारणाने पटत नाहीत. नाशिकचा मॉल कारखान्याच्या जागी आलेला नाही, तो कारखान्याच्या पगारावर आलेला आहे. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती, तेथील कामगारांसाठी व मध्यमवर्गासाठी सिडकोने सहा योजनांत वसविलेले नवीन नाशिक, गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या बाजूने सरकत गेलेली सुखवस्तू वस्ती या सर्वांचा एक नवा गुरुत्वमध्य तयार झाला होता. उंटवाडी रस्ता हा जुने शहर आणि सिडको यांच्या मधोमध पडतो. सिडकोवासीयांच्या दृष्टीने पाहिले तर ‘सिटी सेंटर’ हे नाव तितकेसे खोटे नाही. सिडकोने घरे दिली, पाणी दिले, क्रमांक दिलेल्या योजना दिल्या; पण रविवार कारंजासारखा एक चौक काही दिला नाही. ग्रुएनने अमेरिकन उपनगराविषयी केलेली तक्रार नियोजनकर्त्यांनी येथे जणू नव्याने जन्माला घातली, आणि तिचे उत्तर देण्याचे काम खासगी भांडवलाने पत्करले.

या उत्तरामागे शासनाचा हात नव्हता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. महाराष्ट्र शासनाने 2001 मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांना पहिली काही वर्षे करमणूक करात भरघोस सवलत देण्याचे धोरण स्वीकारले. मॉलच्या अर्थकारणात वरच्या मजल्यावरील चित्रपटगृह हे खालच्या मजल्यांकडे गर्दी ओढणारे यंत्र असते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ही करसवलत प्रत्यक्षात कोणाच्या पदरी पडली हे वेगळे सांगावयास नको. ‘सिटी सेंटर’मध्येही बहुपडदा चित्रपटगृह आले. प्रथम सिनेमॅक्सच्या नावाने आणि ती कंपनी पीव्हीआरने घेतल्यावर पीव्हीआरच्या नावाने ते चालले. दादासाहेब फाळक्यांनी जेथे हिंदुस्थान फिल्म कंपनीचा संसार थाटला त्या गावात एकपडदा चित्रपटगृहांवर आलेली अवकळा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, विजयानंद किंवा सर्कल या चित्रपटगृहांतून बाहेर पडणारा प्रेक्षक थेट रस्त्यावर येत असे. मॉलमधील प्रेक्षक दुकानांत येतो.

आता दाराकडे वळू. मॉल आणि बाजार यांतील मूलभूत भेद वातानुकूलनाचा किंवा सरकत्या जिन्याचा नसून दाराचा आहे. बाजाराला दार नसते. मेन रोड नेमका कोठे सुरू होतो हे सांगताना दोन नाशिककरांचे एकमत होणार नाही. गंगाघाटावर बुधवारचा आठवडे बाजार भरतो त्याला तर भिंतही नसते. सकाळी असतो, रात्री नसतो. मॉलला मात्र दार असते, दाराशी गणवेशातील पहारेकरी असतो, धातूशोधक चौकट असते आणि पिशव्यांची तपासणी असते. ‘क्रॉसरोड्स’ने आरंभीच्या काळात मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड जवळ असणाऱ्यांना मुक्त प्रवेश आणि इतरांना प्रवेशशुल्क असा नियम केला होता. टीकेनंतर तो मागे घेण्यात आला. पुढील मॉलनी असा नियम लिहिला नाही, कारण त्याची गरज उरली नव्हती. चकचकीत फरशी, काचेची भिंत आणि पहारेकऱ्याची नजर ही तिन्ही मिळून तेच काम निमूटपणे करतात. अनवाणी पायांना फरशी किती गुळगुळीत वाटते याची नोंद कोणत्याही ग्राहक-सर्वेक्षणात सापडत नाही.

येथे भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास ज्या ठिकाणी मज्जाव करता येणार नाही त्या ठिकाणांच्या यादीत पहिला उल्लेख दुकानांचा आहे. उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांचा उल्लेख त्यानंतर येतो, आणि विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते पुढील पोटखंडात येतात. ज्या नाशिकमध्ये 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दारापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला, त्या नाशिकमध्ये तरी दाराचा प्रश्न हा केवळ वास्तुरचनेचा प्रश्न राहू शकत नाही. मंदिराचे दार आणि मॉलचे दार यांची तुलना करावयाची नाही. तशी तुलना सत्याग्रहाचा अवमान ठरेल. मुद्दा एवढाच की, संविधानकर्त्यांनी ज्या पाच कारणांची नोंद केली त्यांत ऐपतीचा समावेश नाही. मॉलचे दार नेमके या सहाव्या, न लिहिलेल्या कारणाशी व्यवहार करते.

तथापि जुन्या बाजाराचे स्मरणरंजन करण्याचाही मोह टाळला पाहिजे. आपल्या प्राध्यापकवर्गाला हा मोह विशेष असतो. मॉलवर टीका करणारा निबंध लिहून संध्याकाळी सहकुटुंब तेथेच जाणारे आपल्यात कमी नाहीत. बाजाराला दार नव्हते, पण आळी होती आणि आळीला जात होती. तांबटांची आळी, सराफांची पेढी या रचनेत कोणाला बसावयास गादी मिळेल आणि कोणाला पायरीवर उभे राहावे लागेल हे ठरलेले असे. भाव वस्तूवर लिहिलेला नसे, तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर वाचला जाई. उधारी मिळे ती ओळखीवर, आणि ओळख म्हणजे बहुधा घराणे. मॉलमध्ये वस्तूला चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवरचा भाव सर्वांना एकच असतो. बाजाराचे दार उघडे पण भाव माणूस पाहून. मॉलचा भाव सर्वांना सारखा पण दार माणूस पाहून, असा हा विरोध आहे. यापैकी कोणता भेदभाव अधिक सोसवतो याचे उत्तर ज्याच्या-त्याच्या जागेवरून वेगळे येईल. मेन रोडवर दिवसभर खरेदी करणाऱ्या स्त्रीला स्वच्छतागृहासाठी कोणाकडे विनवणी करावी लागे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मॉलमधील तरुणींची आणि वृद्धांची गर्दी केवळ चंगळवादाचे लक्षण वाटणार नाही. शिवाय गोदावरीला पूर आला म्हणजे सराफ बाजार आणि भांडी बाजार पाण्याखाली जातात. 2008, 2016 आणि 2019 या वर्षांचे पूर व्यापाऱ्यांच्या स्मरणात आहेत. नदीकाठच्या पेठेचे सौंदर्य वर्णन करणाऱ्याने दुकानातील चिखल उपसणाऱ्याचाही विचार करावा.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. पेठ, गंज, मंडई, आळी, कारंजा इतके शब्द बाळगणाऱ्या मराठीने ‘मॉल’साठी शब्द घडविला नाही, तो जसाच्या तसा घेतला. याचे दुःख मानण्याचे कारण नाही. ‘बाजार’ हा शब्दही फारसीतून आलेला आहे. फलकांची गोष्ट वेगळी. दुकानांवरील मराठी फलकांची सक्ती 2022 मध्ये लहान आस्थापनांपर्यंत विस्तारली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईतील विक्रेत्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नाव देवनागरीत आले तरी ‘सिटी सेंटर’ हे ‘सिटी सेंटर’च राहते. लिपी बदलता येते, दावा बदलत नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण मात्र मॉलच्या बाहेर घडले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मार्च 2021 च्या अखेरीस, नाशिक पोलिसांनी शहराच्या मुख्य बाजारपेठेत आणि उपनगरांतील काही बाजारांत प्रवेशासाठी माणशी पाच रुपयांची पावती सुरू केली. पावतीची मुदत एक तास. त्याहून अधिक वेळ थांबल्यास पाचशे रुपये दंड. बाजाराची तोंडे अडथळे लावून बंद करण्यात आली आणि ज्या रस्त्यांना कधी दार नव्हते त्यांना दार आले. हेतू गर्दी आवरण्याचा होता आणि त्या दिवसांतील रुग्णसंख्या पाहता त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु समीक्षकाला हेतूइतकाच आकारही पाहावा लागतो. ‘क्रॉसरोड्स’ला 1999 मध्ये जो नियम मागे घ्यावा लागला तोच, कितीतरी कमी किमतीत, सार्वजनिक रस्त्यावर अवतरला. त्यातही एक विपर्यास होता. मॉलची सारी रचना माणसाने अधिकाधिक वेळ आत रेंगाळावे यासाठी असते, तर बाजाराच्या पावतीवर बाहेर पडण्याची वेळ ठरलेली होती. पाच रुपये ही रक्कम क्षुल्लक खरी; पण आठवड्याचा किराणा एकदम भरणाऱ्याला ती एकदाच द्यावी लागते आणि रोजच्या मजुरीवर रोजची भाजी घेणाऱ्याला रोज.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राज्यव्यापी निर्बंध आले आणि पावत्यांचा प्रश्नच उरला नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यातील मॉल पुन्हा उघडले, ते लसीच्या दोन मात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र दाखविणाऱ्यांसाठी. अठरा वर्षांखालील मुलांना तेव्हा लस उपलब्ध नव्हती, म्हणून त्यांनी वयाचा पुरावा दाखवावा असा खुलासा लगेच करावा लागला. मेन रोडवरच्या कापड दुकानात त्याच आठवड्यात शिरणाऱ्याकडे असा दाखला कोणी मागत नव्हते; तेथे मागावयास दारच उरले नव्हते.