बाराखडीनं उघडलेलं कुलूप

मायकेल को यांचं 'ब्रेकिंग द माया कोड' (१९९२) मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रहस्यकथा म्हणून. दुसऱ्यांदा, आमच्याकडे गवत कापायला येणाऱ्या ग्वाटेमालाच्या गृहस्थांमुळे. इथे लॉस एंजेलिसमध्ये तीन वर्षं मी त्यांच्याशी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलत होतो. एकदा ते म्हणाले, "स्पॅनिश मीही शाळेतच शिकलो. आमची घरची भाषा किचे." कुणी आपल्याला "तुम्ही हिंदी बोलता ना?" विचारलं की आपण केवढे उसळतो! मी तेच करून बसलो होतो.

किचे ही माया कुळातल्या सुमारे ३० भाषांपैकी एक. ग्वाटेमालात ती दहा लाखांच्या आसपास लोक बोलतात.

पुस्तकाचा विषय आहे माया लिपी कशी वाचली गेली हा. १५६२ मध्ये युकातानात दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया पोथ्या जाळल्या. आज जगात चारच उरल्या आहेत. त्याच लांदाने पुढे एका माया जाणकाराकडून 'मुळाक्षरं' लिहून घेतली. लांदा स्पॅनिश अक्षराचं नाव उच्चारी, 'बे'. माया भाषेत 'बे' म्हणजे वाट, म्हणून त्या माणसाने पाऊलखूण काढली! तीनेकशे वर्षांनी ती यादी हाती लागली, पण अक्षरं म्हणून लावून पाहिली तर काही जुळेना.

१९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्हनी ओळखलं, की ही अक्षरं नव्हेत, 'कु', 'त्सु', 'लु' अशी स्वरासहित चिन्हं आहेत. टर्कीच्या चित्रावर 'कु-त्सु', वाचायचं 'कुत्स'. कुत्र्यावर 'त्सु-लु', वाचायचं 'त्सुल'. शेवटचा स्वर गिळायचा. आपण 'घर' लिहितो आणि 'र'मधला 'अ' गाळतो, तसंच. बाराखडी घोकलेल्या माणसाला हे पान इंग्रजी वाचकापेक्षा लवकर उमजेल.

एरिक थॉम्प्सन यांनी हे मत १९७५ मध्ये वारेपर्यंत मानलं नाही. को त्यांना झोडपतात, माझ्या मते जरा जास्तच. थॉम्प्सननी १९६२ मध्ये केलेल्या चिन्हसूचीतले क्रमांक अभ्यासक अजूनही वापरतात. पण मूळ आरोप खरा आहे: लिपीमागे बोलली जाणारी भाषा असते, हेच त्यांनी नीट मनावर घेतलं नाही.

माझी तक्रार इथेच आहे. हा धडा शिकवणाऱ्या पुस्तकात ती भाषा बोलणारी माणसं मागच्या बाकावर आहेत. नायकही संशोधक, खलनायकही संशोधकच. वास्तविक या भाषांचं व्याकरणच किती चवदार! आपण 'मी आलो' म्हणतो, पण 'मी पोळी खाल्ली' म्हणताना क्रियापद पोळीशी जुळवतो. माया भाषांतही 'येण्या'चा कर्ता आणि 'खाण्या'चं कर्म एकाच गटातले प्रत्यय घेतात. एवढं जवळचं काही सापडेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसरं वाचन संपल्यावर मी त्या गृहस्थांना किचेमध्ये कुत्र्याला काय म्हणतात ते विचारलं. "त्सि," ते म्हणाले, पण घशात मध्येच काहीतरी तोडल्यासारखं. मी म्हणून पाहिलं. ते मनापासून हसले, मशीन बंद केलं आणि म्हणाले, "पुन्हा."