सर फेरोजशहा मेहता आणि मुंबईचा नगरकारभार : दोन रूढ समजुतींची छाननी

सर फेरोजशहा मेहता (१८४५–१९१५) यांस ‘मुंबईचे बेताज बादशहा’ म्हणण्याचा प्रघात आहे. महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे, तो सर्वथा योग्य होय. परंतु पुतळा उभारणें निराळें आणि चरित्र लिहिणें निराळें. होमी मोदी यांचें मेहताचरित्र १९२१ सालीं निघालें. चिंतामणि यांनीं संपादिलेला भाषणसंग्रह त्यापूर्वींच, १९०५ त, प्रसिद्ध झाला होता. साधनें अशीं उपलब्ध असतां दोन समजुती अद्याप रूढ आहेत, त्यांची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिली समजूत अशी कीं, मेहतांनीं नगराचा कारभार सरकारच्या हातून काढून लोकांच्या हातीं दिला. १८६५ च्या कायद्यानें हा कारभार जस्टिस ऑफ दि पीस मंडळी व सरकारनियुक्त कमिशनर यांजकडे होता. कमिशनर ऑर्थर क्रॉफर्ड यांनीं शहर सुधारलें, पण पैसा सढळ हातानें खर्चिला. १८७१ त करदाते खवळले. तेव्हां तरुण मेहतांनीं लोकक्षोभाच्या उलट जाऊन क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली, आणि अंमल एकाच सरकारनियुक्त अधिकाऱ्याकडे असावा, त्यावर करदात्यांच्या प्रतिनिधींची देखरेख असावी, अशी योजना मांडली. १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडावे असें ठरलें. १८८८ च्या कायद्यांत, ज्याच्या घडणींत मेहतांबरोबर काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचेही श्रम आहेत, सभासद ७२ झाले व वॉर्डांतून निवडावयाचे ३६. म्हणजे सोळा वर्षांनंतरही प्रमाण निम्म्याचें निम्मेंच! कमिशनरची नेमणूक तर आजही राज्य सरकारच करितें. तेव्हां मेहतांनीं मिळविली ती सत्ता नव्हे, देखरेख होय.

दुसरी समजूत १९०७ च्या निवडणुकीची. अकौंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोवट फ्रेझर प्रभृतींनीं मेहतांस पाडण्याचा कट केला, सोळा जागांत मेहता सतरावे आले, पुढें निवडून आलेल्यांपैकीं एकजण अपात्र ठरल्यानें त्यांस जागा मिळाली. ही हकीकत खरी आहे. परंतु त्या सोळा जागा जस्टिसांच्या होत्या, आणि जस्टिस सरकारनें नेमलेले असत, हें कथन करणारे सहसा सांगत नाहींत. अर्थात् हा पराभव लोकांनीं केलेला नव्हता. तसाच तो मतदारसंघही लोकांचा नव्हता. लोकनायकानें असा मतदारसंघ कां पत्करावा, हा प्रश्न चरित्रकारानें टाळतां कामा नये.

यानें मेहतांची थोरवी उणी होते असें आम्हांस वाटत नाहीं. उलट, हातीं केवळ देखरेखीचा अधिकार असतां, कायद्याचें कलम न् कलम आणि अंदाजपत्रकाची रक्कम न् रक्कम जाणून ज्यानें चार दशकें कमिशनरांस जाब विचारला, त्याचें कर्तृत्व राजमुकुटाच्या उपमेहून मोठें ठरतें. बादशहाला हुकूम पुरतो. देखरेख करणारास अभ्यास लागतो. ह्या अभ्यासाचा माग भाषणसंग्रहांत अंशतःच लागतो. तो महापालिकेच्या छापील कामकाजांत शोधिला पाहिजे, आणि तें काम झाल्यावांचून मेहतांचें नगरचरित्र पुरें झालें असें म्हणतां येणार नाहीं.